बाजारहाटांतून बीजगणिताकडे



बीजगणित हा शब्द ऐकतांच पुष्कळ घरांत एक प्रकारची शांतता पसरते. पांचवीपर्यंत बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार व्यवस्थित करणारें मूल सहावी-सातवींत पोंचतें, वहींत पहिला ‘क्ष’ येतो, आणि आतांपर्यंत सुरळीत चाललेलें गणित एकदम अडतें. आई म्हणते, ‘आमच्या वेळीं आम्हांलाही हें कळलें नव्हतें’. वडील शिकवणीचा शोध घेऊं लागतात. आणि मूल मनाशीं ठरवून टाकतें, कीं गणित कांहीं आपल्यासाठीं नाहीं. वास्तविक त्या एका सुट्टींत मुलाची बुद्धि कमी झालेली नसते. जिची किंमत अजून ठाऊक नाहीं अशा संख्येशीं व्यवहार कसा करावा, एवढीच नवी गोष्ट त्याच्यापुढें आलेली असते. मात्र त्या पाहुण्याची ओळख कोणीं करून दिलेली नसते. ही ओळख पैशाच्या रोजच्या निर्णयांतून करून देतां येते, आणि ती तशीच करून देणें हिताचें आहे, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

उदाहरणें मी बहुतेक सुरगाण्याकडचीं घेणार आहें. नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोंकाला, सह्याद्रीच्या माथ्यावर व उतारावर, गुजरातच्या डांग आणि वलसाड जिल्ह्यांना लागून हा तालुका पसरला आहे. देशमुखांचें हें लहानसें संस्थान १९४८ सालीं तेव्हांच्या मुंबई प्रांतांत विलीन झालें. वस्ती मुख्यत्वें कोकणा, वारली, महादेव कोळी इत्यादि आदिवासी समाजांची. भात, नागली व वरई हीं तेथील पिकें. पाऊस उदंड, पण डोंगरउतारावरून तो वाहून जातो. म्हणून खरीप आटोपला, कीं पुष्कळ कुटुंबें दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. अलीकडे हतगड-बोरगांवच्या बाजूला स्ट्रॉबेरीची लागवडही होऊं लागली आहे.

शहरांतल्या श्रोत्यांनीं सुरगाण्याकडे कां पाहावें, असें कोणी विचारील. याचें कारण असें, कीं तेथें पैशाचा हिशेब मुलाच्या डोळ्यांसमोर होतो. आठवडे-बाजारांतली घासाघीस, वाण्याकडची उधारी, मुकादमानें दिलेली उचल, जीपवाल्याचें भाडें, हें सारें मूल कानांनीं ऐकतें आणि डोळ्यांनीं पाहतें. शहरांतल्या घरांत पैसा आतां मोबाइलच्या पडद्यावर येतो आणि तेथूनच जातो. मुलाला तो दिसतच नाहीं. शिवाय डोंगरांतल्या घरीं हिशेबांत चूक झाली, तर तिचें मोल त्याच हंगामांत भरावें लागतें. जेथें चूक महाग पडते, तेथें गणिताचें महत्त्व समजावून सांगावें लागत नाहीं.

आतां मूळ विषयाकडे येऊं. बीजगणिताच्या दारांत मूल अडखळतें तें प्रथम ‘बरोबर’ या चिन्हाशीं. खालच्या वर्गांत हें चिन्ह नेहमीं उत्तराच्या आधीं येतें; सात अधिक पांच बरोबर बारा. त्यामुळें ‘बरोबर’ म्हणजे ‘आतां उत्तर लिही’ अशी मुलाची समजूत होते. ‘आठ अधिक चार बरोबर रिकामी चौकट अधिक पांच’ असें त्याला विचारून पाहा. कित्येक मुलें चौकटींत बारा लिहितील. कारण आठ आणि चार बारा होतात, आणि पुढचे पांच त्यांच्या दृष्टीनें केवळ शोभेचे असतात. खरें उत्तर सात आहे. हें चिन्ह उत्तराची हांक नसून दोन बाजूंच्या समतोलाची साक्ष आहे, ही गोष्ट मनांत ठसल्यावांचून एकही समीकरण समजणार नाहीं.

ती ठसविण्यास तराजूसारखें साधन नाहीं. बाजारांतल्या तराजूच्या एका पारड्यांत नागलीच्या सारख्या दोन पिशव्या आणि तीन किलोचीं वजनें आहेत. दुसऱ्या पारड्यांत तेवीस किलोचीं वजनें आहेत. दांडी अगदीं आडवी आहे. पिशवींत किती किलो? मूल सांगेल, दोन्ही पारड्यांतून तीन तीन किलो काढा. मग दोन पिशव्यांसमोर वीस किलो राहिले, म्हणून एकींत दहा. ‘दोन्ही बाजूंना सारखेंच करावें, म्हणजे समतोल मोडत नाहीं’ हा समीकरणाचा सारा कायदा त्यानें स्वतःच शोधून काढला. आपण फक्त त्याला नांव द्यावयाचें.

तराजूवरून पैशावर यावें. चार सारख्या वह्या आणि दहा रुपयांचें एक पेन घेतलें. दुकानदारानें एकूण एकशें तीस रुपये घेतले. एका वहीची किंमत काय? येथें मुलाला उलट पावलीं चालावें लागतें. दुकानदारानें आधीं वहीच्या किंमतीला चारांनीं गुणलें, मग दहा मिळविले. आपण आधीं दहा काढूं, मग चारांनीं भागूं. जीपच्या टपावर शेवटीं चढविलेलें पोतें उतरवितांना पहिलें उतरतें, तसाच हा क्रम. एकशें तीसांतून दहा गेले, एकशें वीस. त्याचे चार भाग, तीस. आतां हेंच कागदावर लिहावें: ४ क्ष + १० = १३०. मुलानें तोंडानें जें केलें, त्याचीच ही टिपणवही आहे.

परंतु येथें शिकविणारानें एक काळजी घेतली पाहिजे. घाईनें ‘क्ष म्हणजे वही’ असें सांगूं नये. ‘चार क्ष म्हणजे चार वह्या’ असें म्हटलें, कीं मूल त्या क्षणीं मान डोलावतें. पण पुढच्या वर्षीं क्षचा क्षशीं गुणाकार आला, कीं वहीला वहीनें गुणावयाचें कसें, या कोड्यांत तें सांपडतें. क्ष ही वस्तु नव्हे. क्ष ही संख्या आहे. एका वहीची किंमत किती रुपये, त्या रुपयांची संख्या. म्हणून प्रत्येक उदाहरणाच्या आरंभीं ‘क्ष म्हणजे एका वहीची किंमत, रुपयांत’ असें पूर्ण वाक्य मुलाकडून लिहवून घ्यावें. हें एक वाक्य पुढचा पुष्कळ गोंधळ वांचवितें.

आपल्याकडे जुन्या काळीं त्रैराशिकाचा मोठा दरारा होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी अशी अपूर्णांकांचीं पाढे-उजळणी मुलें घोकून पाठ करीत. रुपयाचे सोळा आणे होते तोंपर्यंत तिचा पदोपदीं उपयोग होई. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणीं आलीं आणि ही उजळणी हळूहळू मागें पडली. त्रैराशिक मात्र अजून शिकवितात आणि शिकवावेंही. पण तें कोठें लागू नाहीं, हेंही शिकविलें पाहिजे. समजा, स्ट्रॉबेरीचे क्रेट बाजारांत नेण्यास एक जीपवाला खेपेचे दोनशें रुपये आणि शिवाय प्रत्येक क्रेटमागें दहा रुपये घेतो. दहा क्रेटना तीनशें रुपये पडले. मग वीस क्रेटना किती? त्रैराशिकाच्या संवयीनें मूल सहाशें म्हणेल. खरें भाडें चारशेंच आहे. कारण दोनशें रुपये क्रेटच्या संख्येबरोबर वाढत नाहींत. ते स्थिर आहेत, आणि दहादहाचा भाग तेवढा वाढता आहे. क्रेटची संख्या क्ष धरली, तर भाडें २०० + १० क्ष.

या लहानशा सूत्रांतून व्यवहाराचा एक निर्णयही निघतो. दोन शेजाऱ्यांनीं दहा दहा क्रेट वेगवेगळे नेले, तर दोघांचे मिळून सहाशें; एकत्र नेले तर चारशें. दोनशें रुपये वांचले, ते नेमके दुसऱ्या खेपेचे. सहकाराचा लाभ कोठून येतो, हें एखाद्या व्याख्यानापेक्षां या एका ओळींत मुलाला अधिक स्पष्ट दिसेल.

आतां अधिक अवघड जागा: ऋण संख्या. ‘शून्याहून कमी संख्या असेलच कशी?’ हा मुलाचा प्रश्न रास्त आहे. युरोपांतील थोर थोर गणितज्ञही या प्रश्नाशीं शतकानुशतकें झगडत होते. आपल्या भाषेंत मात्र उत्तर शब्दांतच दडलेलें आहे. धन म्हणजे संपत्ति आणि ऋण म्हणजे कर्ज. ब्रह्मगुप्तानें इसवी सन ६२८ मध्यें आपल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तांत धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे व गुणाकाराचे नियम मांडले, ते याच शब्दांत. मराठी मूल हे शब्द ऐकतच वाढतें. मग तीं केवळ ‘अधिक-उणें’ची चिन्हें म्हणून कां शिकवावीं?

वाण्याच्या उधारीच्या वहींत शंभर रुपये लिहिले आहेत. हातांत साठ आहेत. तर खरी स्थिति ऋण चाळीस. वाण्यानें वहींतील पन्नास रुपयांची उधारी खोडून टाकली, तर आपली स्थिति पन्नासांनीं सुधारली. म्हणजे ऋण वजा करणें हें धन मिळविण्यासारखेंच झालें. उरला तो सर्वांत कुप्रसिद्ध नियम: ऋण गुणिलें ऋण बरोबर धन. त्यालाही रस्ता आहे. एका घरांत रोज वीस रुपये खर्च होत आले असून, मध्यें कांहीं मिळकत झालेली नाहीं, आणि आज हातांत शून्य आहे. उद्यांपासून असेंच चाललें, तर तीन दिवसांनीं ऋण साठ. आणि तीन दिवसांपूर्वी? धन साठ. रोजचा खर्च ऋण वीस, काळ मागें मोजला म्हणून ऋण तीन. दोहोंचा गुणाकार धन साठ. नियम पाठ करण्यापूर्वी एकदां असा पाहिला, म्हणजे तो जादूचा वाटत नाहीं.

या संदर्भांत आपल्याच मुलखांतील एका थोर पुरुषाचें स्मरण होतें. १११४ मध्यें जन्मलेल्या भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास सिद्धान्तशिरोमणि रचला. लीलावती आणि बीजगणित हे त्याचे दोन प्रसिद्ध भाग. चाळीसगांवजवळच्या पाटण येथें १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापन केल्याची नोंद त्यांत आहे. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं विद्वानांच्या नजरेस आणिला. त्या काळीं अज्ञात संख्येला ‘यावत्तावत्’ म्हणत. एकाहून अधिक अज्ञातें असलीं, तर त्यांना कालक, नीलक, पीतक अशीं रंगांचीं नांवें देत. आपला क्ष हा त्यांचाच अलीकडचा वारस.

बीजगणितांतील एक उदाहरण थोडक्यांत असें आहे. एका मनुष्यापाशीं तीनशें नाणीं आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्यापाशीं तसेच दहा घोडे आहेत, पण डोक्यावर शंभराचें ऋण आहे. आणि दोघे सारखेच श्रीमंत आहेत. तर घोड्याची किंमत काय? क्ष न लिहितांही हें सुटतें. दोघांचे सहा सहा घोडे बाजूला काढा, समतोल राहिला. आतां पहिल्यापाशीं तीनशें, दुसऱ्यापाशीं चार घोडे आणि शंभराचें ऋण. दोघांनाही शंभर शंभर द्या; दुसऱ्याचें ऋण फिटलें, पहिल्याचे चारशें झाले. चार घोडे म्हणजे चारशें. एक घोडा शंभराचा. पडताळा पाहा: तीनशें आणि सहाशें मिळून नऊशें, हजारांतून शंभर गेले, तेही नऊशेंच. समीकरण, ऋण संख्या, दोन्ही बाजूंवर सारखी क्रिया, हें सर्व साडेआठशें वर्षांहून अधिक काळापूर्वीच्या या एका व्यवहारांत आलें आहे. बगदादच्या अल्-ख्वारिज्मीनें नवव्या शतकांत जो ग्रंथ लिहिला आणि ज्याच्या नांवांतून इंग्रजींतील ‘अल्जिब्रा’ हा शब्द आला, त्याचाही मोठा भाग वारसाहक्काच्या वांटणीच्या हिशेबांनीं व्यापलेला आहे. पैसा हा बीजगणिताच्या घरांत उपरा नाहीं. तो तेथला जुना रहिवासी आहे.

आतां एक असा निर्णय घेऊं, कीं जो सुरगाण्याच्या पाड्यावर घरोघर घ्यावा लागतो. आंकडे मीं सोईसाठीं धरले आहेत; प्रश्न मात्र खरा आहे. एका कुटुंबाला औषधपाण्यासाठीं आतांच दहा हजार रुपये हवे आहेत. एक मुकादम म्हणतो, ‘दहा हजारांची उचल घ्या, कामाचे रोज साडेतीनशें मिळतील, उचल मजुरींतून वळती करूं.’ दुसऱ्या बागेवर उचल नाहीं, पण रोज चारशें आहे. काम साठ दिवसांचें. कोठें जावें? हातांत येणारे दहा हजार डोळ्यांपुढें असतात. पन्नासांचा फरक क्षुल्लक वाटतो. म्हणून बहुतेक घरें पहिल्याकडे जातात.

आतां सातवीच्या मुलीनें कागद घ्यावा. कामाचे दिवस क्ष. पहिल्याकडे मजुरी ३५० क्ष, दुसऱ्याकडे ४०० क्ष. फरक ५० क्ष. साठ दिवसांत हा फरक तीन हजार रुपये होतो. उचल ही देणगी नव्हे; ती ऋण आहे, आणि ती मजुरींतून पुरी कापली जाणार आहे. म्हणजे दहा हजार रुपये दोन महिने वापरण्याबद्दल हें कुटुंब तीन हजार रुपये मोजीत आहे. दरमहा शेंकडा पंधरा. वास्तविक रक्कम हप्त्याहप्त्यानें फिटत जात असल्यामुळें खरा दर याहूनही चढा आहे. आणि गंमत अशी, कीं या व्यवहारांत ‘व्याज’ हा शब्द कोणींच उच्चारलेला नाहीं. तें रोजाच्या पन्नास रुपयांत लपून बसलें आहे.

तिसरा मार्ग असेल, तर तोही याच कागदावर तपासतां येतो. समजा, गांवांतल्या बचतगटाकडून दहा हजार रुपये दरमहा शेंकडा दोन दरानें मिळतात. दोन महिन्यांचें व्याज चारशें. तें घेऊन दुसऱ्या बागेवर गेलें, तर मजुरी चोवीस हजार, व्याज वजा जातां तेवीस हजार सहाशें. पहिल्याकडे मजुरी एकवीस हजार. मुद्दल दहा हजार दोन्हीकडे फेडावयाचे आहेतच. नफा दोन हजार सहाशेंचा. मग ती मुलगी आणखी एक प्रश्न विचारूं शकते: किती दिवस काम मिळालें, तर दोन्ही मार्ग सारखे पडतील? ५० क्ष = ४००; क्ष बरोबर आठ. आठ दिवसांहून अधिक काम मिळण्याची खात्री असेल, तर बचतगटाचा मार्ग चांगला. त्याहून कमी मिळेल अशी भीति असेल, तर विचार करावा. एका समीकरणानें केवळ उत्तर दिलें नाहीं. कोणत्या परिस्थितींत कोणता निर्णय शहाणपणाचा, याची सीमारेषा आंखून दिली. हें काम नुसत्या तोंडी हिशेबानें होत नाहीं, आणि बीजगणिताची खरी शक्ति येथेंच आहे.

कुटुंबाला सावकाराच्या दारीं जावें लागूं नये, म्हणून सरकारनेंही उपाय केले. १९७२ मध्यें आदिवासी विकास महामंडळ स्थापन झालें, त्याचें मुख्य कार्यालय नाशिकलाच. पावसाळ्याच्या अडचणीच्या दिवसांसाठीं खावटी कर्ज त्याच्यामार्फत दिलें गेलें. १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी रद्द झाली आणि उचलीच्या बदल्यांत माणसाला बांधून ठेवणें हा गुन्हा ठरला. हे उपाय आवश्यकच होते. परंतु कायदा दाराशीं येईपर्यंत हिशेब घरांत कळलेला असला, तर त्या कायद्याला हातपाय फुटतात. जिच्या घरांत हा कागद लिहिला गेला, ती मुलगी गणितांत किती गुण मिळविते, हा नंतरचा प्रश्न आहे.

येथें कोणी म्हणेल, कीं बाजारांत वावरणाऱ्या मुलांना तर हिशेब उत्तम येतो. त्यांना शाळेंतील गणितही आपोआप येत असेल. दुर्दैवानें तसें होत नाहीं. ब्राझील देशांतील रेसिफे शहरीं रस्त्यावर फळें विकणाऱ्या पांच मुलांची परीक्षा तीन संशोधकांनीं घेतली. तिचा वृत्तान्त १९८५ मध्यें प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक होऊन विचारलें, तेव्हां शंभरांपैकीं अठ्याण्णव हिशेब बरोबर आले. त्याच धर्तीचीं उदाहरणें कागदावर नुसत्या आंकड्यांनीं घातलीं, तेव्हां जेमतेम सदतीस. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयीं अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेला अभ्यास २०२५ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत आला. त्यांतही हेंच दिसलें. आणि उलट बाजूही दिसली, कीं शाळेंत चांगलीं ठरलेलीं मुलें बाजारांतल्या हिशेबांत अडखळतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रांतील संशोधकांनींही शहरांतल्या कष्टकरी वस्तींतील मुलांच्या अशा बाहेरच्या ज्ञानाचा बारकाईनें अभ्यास केला आहे. तात्पर्य असें, कीं बाजार आणि वही हे दोन कांठ आहेत. त्यांवर पूल आपणांसच बांधावा लागतो.

तो पूल चार पायऱ्यांचा असावा. पहिल्या पायरीवर मुलानें हिशेब आपल्या पद्धतीनें, आपल्या बोलींत मोठ्यानें सांगावा. सुरगाण्याच्या मुलाची घरची बोली पुस्तकी मराठीहून वेगळी असते. तिला येथें अडवूं नये. दुसरीवर, सांगितलेलें तेंच शब्दांत लिहावें: ‘चार वह्यांची किंमत आणि पेनचे दहा मिळून एकशें तीस.’ तिसरीवर लांबलचक शब्दांऐवजीं चौकट काढावी: चार वेळां चौकट, अधिक दहा. आणि चौथीवर चौकटीच्या जागीं क्ष लिहावा. जें शिक्षण एकदम चौथ्या पायरीवर उडी मारतें, तें मुलाला पाडतें. जें पहिलीवरच थांबतें, तें त्याला बाजारांतच ठेवतें. १९३७ मध्यें वर्धा येथें डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें सूतकताईसारख्या उद्योगाशीं गणित जोडावें, असें सुचविलें होतें. तो विचार मूळांत योग्यच होता. मात्र हातांतल्या कामापासून कागदावरच्या चिन्हापर्यंत नेणाऱ्या मधल्या पायऱ्यांकडे डोळ्यांत तेल घालून पाहावें लागतें.

शहरांतल्या घरांना याचा उपयोग काय? पुष्कळ. महिन्याचा बसचा पास सहाशें रुपयांचा आणि रोजचें जाण्यायेण्याचें तिकीट तीस रुपये, असें धरा. किती दिवस प्रवास केला तर पास परवडेल? ३० क्ष = ६००; वीस दिवस. मग ज्या महिन्यांत दिवाळीची सुट्टी आहे, त्या महिन्यांत पास काढावा कां, हें मुलालाच ठरवूं द्यावें. दुसरें उदाहरण एस. टी.चें. मार्च २०२३ मध्यें महिलांना तिकिटांत निम्मी सवलत लागू झाली. बारा वर्षांखालच्या मुलांना अर्धें तिकीट पूर्वीपासून आहे. आई, वडील आणि दहा वर्षांचें मूल यांना मिळून तीनशें रुपये पडले. पुरें तिकीट किती? वडिलांचा क्ष, आईचा अर्धा, मुलाचा अर्धा; सारे मिळून दोन क्ष. म्हणून पुरें तिकीट दीडशें. आजी बरोबर आली तर काय होईल, हा प्रश्न मूल मग स्वतःच काढतें. आणि मूल स्वतः प्रश्न काढूं लागलें, कीं शिकविणाराचें अर्धें काम झालें.

दोन सावधगिरीच्या सूचना देणें अगत्याचें आहे. पहिली अशी, कीं वर्गांत मुलाच्या घरचें खरें कर्ज, खरी मजुरी विचारूं नये. गरिबाच्या मुलाला सर्वांपुढें बापाची उधारी सांगावयास लावणें, हें गणित शिकविणें नव्हे. ‘समजा’ हा शब्द एवढ्यासाठींच आहे. हिशेब काल्पनिक कुटुंबाचा करावा. आपल्या घराशीं तो ताडून पाहावयाचा कीं नाहीं, हें मुलावर सोडावें. दुसरी सूचना अशी, कीं पैसा हा बीजगणिताचा दरवाजा आहे, घर नव्हे. पुढें अशीं सूत्रें येतात, कीं ज्यांना बाजारांत भाव नाहीं. संख्यांचे गुणधर्म केवळ त्यांच्या सौंदर्यासाठीं पाहावे लागतात. सर्वच गोष्टी नफ्या-तोट्यांत मोजाव्या, असा संस्कार मुलावर होऊं नये. दाराशीं नेऊन सोडावें आणि आंत त्याला मोकळेपणानें फिरूं द्यावें.

आतां या आठवड्यांत आपल्या घरीं करतां येईल असें थोडेंसें सांगून पुरें करतों. वाण्याची यादी आल्यावर एखाद्या वस्तूची किंमत झांकून ठेवा आणि एकूण रकमेवरून ती मुलाला काढावयास सांगा. महिन्याचा कोणताही एक खर्च घ्या आणि त्यांतला स्थिर भाग कोणता, वाढता भाग कोणता, हें त्याच्याशीं बोला. आणि ‘बरोबर’चें चिन्ह दिसेल तेथें ‘उत्तर’ न म्हणतां ‘दोन्हीकडे सारखें’ असें म्हणण्याची संवय घरांतील सर्वांनींच लावून घ्या. दहा मिनिटांहून अधिक वेळ यास लागणार नाहीं. शाळेंत क्ष येईल, तेव्हां मूल त्याच्याकडे परक्या माणसाकडे पाहावें तसें पाहणार नाहीं. ही तर आपल्या वाण्याच्या यादींतली झांकलेली किंमत, असें त्याला वाटेल. आणि एखाद्या पाड्यावरची मुलगी हाच क्ष कागदावर लिहून उचलींत लपलेलें व्याज आईबापांना दाखवील, तर या विषयाला शाळेंत जी जागा दिली आहे, ती सार्थ झाली असें समजावें.